तिसऱ्या विहिरीपाशी निळा

मेलेल्या माणसानं तरी थोडी रीत पाळावी. आमच्या ह्यांनी तीही पाळली नाही. जाऊन तीन वर्षं झाली आणि या तीन वर्षांत हे सगळ्यांच्या स्वप्नात जाऊन आले. माझ्या नणंदेच्या स्वप्नात गेले, तिच्याकडे कोरा चहा मागितला. माझी मुलगी शैला, तिच्या स्वप्नात जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला. समोरच्या गुरवीणबाईंच्या स्वप्नातसुद्धा गेले! तिथं काय काम होतं ह्यांचं? सकाळी सकाळी ती बाई माझ्या दारात. "आक्काताई, काल तुमचे मालक आलेले. पांढरा शर्ट, अगदी हसत होते बघा." मी म्हटलं, "बसायला पाट दिलास ना?" आणि दार लावून घेतलं.

चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिच्याकडे मात्र एकदाही नाही.

हेच मनात घोळवत मी आत्ता हॉलमध्ये खुर्चीत बसलेय. दुपारचे अडीच वाजलेत, पापण्या खाली येतायत, मी त्या वर ढकलतेय. मुलगा उदय कारखान्यात, सून स्वरूपा बँकेत. घरात मी आणि पंखा. समोर टीव्ही चालू आहे. टीव्हीत एक बुटका निळा माणूस गवतावर उभा आहे. चालत नाही, उडी मारत नाही. मधूनच डोळे मिचकावतो, एक पाय आपटतो. चहा कधी येतोय याची वाट बघणारा पाहुणा असतो ना, तसा.

हा कोण ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गेल्या आठवड्यात उदयनं एक डबा आणला, जेवणाच्या डब्याएवढा. टीव्हीला जोडायचा. "आम्ही लहानपणी खेळायचो ते सगळे खेळ यात आहेत," म्हणाला. रविवारी सकाळी बसला, "आई, बघ, उडीबाबा!" म्हणून ओरडला, अर्धा तास खेळला, फोन आला तसा उठून गेला. मी भेंडी चिरत होते. त्या खेळाचं ते टुणूक टुणूक वाजणं सत्तावीस वर्षांनी कानावर पडलं आणि सुरी बोटाला लागली. स्वरूपा म्हणाली, "लक्ष कुठंय आई?" मी म्हटलं, "सुरीला धार कुणी लावली?"

आमचं गाव यंत्रमागांचं. हे मागावर रात्रपाळीला जायचे, सकाळी येऊन झोपायचे, एकच्या सुमाराला उठून जेवायचे. मुलं शाळेत. तेव्हा आम्ही पत्र्याच्या खोलीत राहायचो. उदयसाठी दिवाळीला आणलेला टीव्ही गेम टीव्हीखाली पडलेला असायचा. त्याची कॅसेट काढायची, तिच्या फटीत जोरात फुंकर मारायची, परत बसवायची. खेळाचं नाव इंग्रजीत होतं. मी दुसरीपर्यंत शिकलेली, हे चौथीपर्यंत. ते वाचता आलं नाही म्हणून आमचं काही अडत नव्हतं. बुटका उड्या मारतो म्हणून उडीबाबा. दोघांनी खेळायचं असेल तर पहिल्याचा निळा, दुसऱ्याचा पिवळा. निळा ह्यांचा. पिवळा माझा.

हो, माझा. तुम्हाला म्हणून सांगतेय. या घरात अजून कुणाला ठाऊक नाही.

खेळ सोपा. पळायचं, वाटेतली फळं गोळा करायची, खाली तोंड उघडून बसलेल्या विहिरींवरून उड्या मारायच्या. शेवटी एक घर लागायचं, खिडकीत दिवा लावलेलं. मुलं त्याला स्टेज म्हणायची, मी घर म्हणायचे. अशी आठ घरं. चित्र उजवीकडे सरकायचं, फक्त उजवीकडे. जे चित्राबाहेर गेलं ते गेलं, तिकडं परत फिरता यायचं नाही. आणि एक मेला की दुसऱ्याचा चान्स. निळा जिवंत असेपर्यंत पिवळ्यानं रिमोट मांडीवर घेऊन गप बसायचं.

मला फार बसावं लागायचं नाही. हे तिसऱ्या विहिरीत पडायचे. रोज. ती विहीर म्हणजे काय, उदयनं डोळे मिटून ओलांडली असती. मी म्हणायचे, "रात्रभर चार माग सांभाळता आणि दुपारी एवढी विहीर ओलांडता येत नाही?" हे हसायचे, म्हणायचे, "घे, तुझा चान्स." मग मी पाचव्या घरापर्यंत, सहाव्या घरापर्यंत. ह्यांना नाही येत ते मला येतं, याचा मला किती अभिमान होता काय सांगू. त्या दिवसांत मी भाकऱ्यासुद्धा गुणगुणत थापायचे.

आणि एका दुपारी माझा पिवळा आठव्या घराच्या दाराशी पोचला. एक उडी, की आत. हे बाहेर नळावर हात धूत होते. तेवढ्यात पायऱ्यांवर चपलांचा आवाज. "आक्का, आहेस का घरात?" माझा दादा. मिरजेचा, शाळेचा हेडमास्तर, ज्याच्यासमोर मी आजही पदर सावरते. माझा हात आपोआप भिंतीकडे गेला. बटण खाली. टीव्ही काळा. त्या खेळात मेलं तर परत येता यायचं, पण वीज गेली तर सगळं पहिल्यापासून.

दादानं वायरी बघितल्या. "हे काय?"

आणि मी म्हटलं, "ह्यांचं खूळ. दोन पोरांचे बाप झाले, पण दुपारभर पोरांच्या खेळण्याशी बसतात. मी सांगून थकले."

दादा हसला. मग त्यानं ह्यांना समोर बसवून वेळेचं महत्त्व सांगितलं, चांगलं अर्धा तास. हे ओल्या हातांनी ऐकत होते. शेवटी म्हणाले, "खरं आहे दादा. माझंच खूळ." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर आम्ही खेळलो नाही. कुणी काही बोललं नाही, भांडण नाही, काही नाही. तो डबा माळ्यावर गेला, माळ्यावरून कुठं गेला ठाऊक नाही.

आता शेवटचं सांगते. ह्यांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पन्नास माणसं पायऱ्यांवर, उन्हात. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, खाली येईनात. मग चालू झालं, काय इच्छा राहिली असेल. उदयनं हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही. शैलानं सांगितलं, तुमच्या नातीला खूप शिकवीन. नणंदेनं तर गावच्या देवळाच्या कळसाचं कबूल केलं. कावळा नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ठाऊक होतं काय सांगायचं. पण तिसऱ्या पायरीवर दादा छत्री मांडीवर आडवी घेऊन बसला होता. मी तोंड उघडलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला.

माझ्या ह्यांना गवताचा कावळा शिवला. तो माझ्यामुळे. तेव्हापासून हे माझ्याकडे येत नाहीत, असं माझं गणित आहे.

म्हणून आज घर रिकामं झाल्यावर मी तो नवा डबा चालू केला. दोघांचा खेळ लावला, कारण दोघांच्या खेळातच पिवळा येतो. माझा रिमोट घेतला. ह्यांचा रिमोट ह्यांच्या खुर्चीवर ठेवला, वायर नीट गुंडाळून. निळा आला, उभा राहिला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. निळा मेल्याशिवाय माझा चान्स येत नाही. निळ्याला मारायचं म्हणजे ह्यांच्या रिमोटला हात लावायचा. तो मी लावणार नाही. सुरुवातीच्या त्या गवतावर त्याला मारायला कुणी येतही नाही. वर्षभर ठेवला तरी उभाच राहील.

तर तो उभा आहे. मी बसलेय. पंखा फिरतोय.

निळा पाय आपटतो. मी डोळे मिटते, उघडते. निळा तिथंच. मी डोळे मिटते.

"किती वेळ उभा केलायस त्याला?"

शेजारची खुर्ची करकरते. हे बसलेत. मागावरचा बनियन, भुवयांवर कापसाची पांढरी भुरी, मांडीवर रिमोट. मला नवल वाटत नाही. मला एवढंच वाटतं की आत्ताच फरशी पुसलीय.

"चपला बाहेर काढल्यात?" मी विचारते.

"मला आता कुठल्या चपला."

"तीन वर्षं कुठं होतात?"

"इथंच. इकडंतिकडं."

"इकडंतिकडं ठाऊक आहे मला. गुरवीणबाईकडे काय काम होतं?"

"तिचा पंखा आवाज करत होता. म्हटलं बघून यावं."

"आणि माझा पंखा?"

हे वर बघतात. "तुझा चांगला फिरतोय की."

हे बटण दाबतात आणि निळा चालायला लागतो. किती दिवसांनी चालतोय. टुणूक. पहिलं फळ. टुणूक. दुसरं. मी बघतेय आणि माझी खुर्ची पण हळूहळू उजवीकडे सरकतेय, ह्यांची पण. भिंतीवरचं कॅलेंडर सरकत मागं जातं. कपाट जातं. दरवाजा जातो, त्याच्यामागं स्वयंपाकघर असायला हवं, पण तिथं मागाचा कारखाना आहे. मागांची लांब रांग. सगळे चालू आहेत आणि आवाज नाही. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडं धावतोय, अगदी गप, मांजरासारखा. निळा एका मागावरून दुसऱ्या मागावर उडी मारतो. मधल्या फटीत खाली अंधार आहे, त्यातून सुताचे धागे वर येऊन हलतायत, पाण्यातल्या शेवाळासारखे.

"इथं बसून डबा खायचो," हे म्हणतात. "तू लसणाची चटणी द्यायचीस."

"परत आणायचात. अर्धी."

"तिखट असायची."

"मग सांगायचं ना."

"तू ऐकलं असतंस?"

माग सरकून गेलेत. आता पायऱ्या आहेत, ओल्या, आणि पाणी. घाट. पन्नास माणसं पायऱ्यांवर बसलीत आणि सगळ्यांची तोंडं वर, झाडाकडं. कुणी हलत नाही. उदय हात जोडून आहे, त्याच्या हातांवर ऊन पडलंय. पळसाच्या पानावर पिंड आहे. आणि प्रत्येक पायरीवर एक एक लाल फळ ठेवलंय. निळा माणसांच्या मधून उड्या मारत जातो, फळं घेत. कुणी त्याच्याकडं बघत नाही.

मी ह्यांच्या कानाशी जाते. "कावळा का नाही शिवला हो?"

"मी काय कावळ्यांचा मुकादम आहे?"

"सांगा ना."

"पलीकडं दुसऱ्या कुणाचा दहावा होता. त्यांच्या पिंडाला जिलबी होती."

"थट्टा नको. मला तीन वर्षं झोप नाही."

हे रिमोटवरून नजर काढत नाहीत. "मग तुला काय वाटलं? कशाला अडला असेल?"

"मी सांगायला पाहिजे होतं, म्हणून."

"मग सांगायचं होतंस."

"दादा बसला होता."

"हो," हे म्हणतात. "दादा बसलेला."

आणि तो आहेच. तिसरी पायरी, आडवी छत्री. तो एकटाच वर बघत नाही, तो माझ्याकडं बघतोय. मी तोंड उघडते. आता सांगते. आता सांगून टाकते. आवाज येत नाही, नुसता वारा येतो, आणि तेवढ्यात पायऱ्या सरकायला लागतात, दादा सरकतो, छत्री सरकते. मी उठते, मागं वळते, दोन पावलं टाकते आणि कशालातरी आपटते. काच नाही, भिंत नाही. काही दिसत नाही आणि पुढं जाता येत नाही. पलीकडं घाट लहान लहान होत चाललाय.

"मागं नाही जाता येत," हे म्हणतात. "विसरलीस काय?"

मी परत येऊन बसते. खुर्ची नाही, चटई आहे. पत्र्याची खोली. उन्हानं पत्रा तडतडतोय. टीव्हीत माझा पिवळा आठव्या घराच्या दाराशी उभा आहे आणि खिडकीत दिवा आहे. भिंतीवर ते काळं बटण. बाहेर पायऱ्यांवर चपला वाजतात. आक्का, आहेस का घरात. माझा हात वर जायला लागतो. मी दुसऱ्या हातानं तो धरते. तो ऐकत नाही. माझाच हात, सगळ्या गल्लीला धाकात ठेवणारा, आणि मला ऐकत नाही. तेवढ्यात भिंत सरकून जाते. बटण तिच्याबरोबर जातं. मी हात हवेत धरून बसलेय, रस्त्यात रिक्षाला हात केल्यासारखी.

"आठव्या घरात काय होतं हो?" मी विचारते.

"मला काय ठाऊक? मी तिसऱ्या विहिरीच्या पुढं गेलो कधी?"

आणि तीच विहीर समोर आहे. तिसरी. आता खोली नाही, गाव नाही, गवताची एक पट्टी आहे आणि तिच्या कडेवर आम्ही दोघं पाय सोडून बसलोय. निळा आमच्या पुढ्यात, अगदी काठावर. डोळे मिचकावतो. हे रिमोटला हात लावत नाहीत.

मला वाटतं आता बोललं पाहिजे, कारण पुढं आणखी काही सरकत येत नाहीये.

"दादासमोर मी सगळं तुमच्यावर ढकललं."

"हं."

"खेळत मी होते."

"हो की. मी हात धूत होतो."

"राग आला ना?"

हे गुडघ्यावरची कापसाची भुरी झटकतात. झटकतात आणि ती परत तिथंच असते.

"त्याचा नाही," हे म्हणतात. "दुसऱ्या दिवशी मी कॅसेट फुंकून ठेवली होती. टीव्हीसमोर चटई घातली होती. तू आली नाहीस."

मला ते आठवतं. आठवतं म्हणजे काय, चटई मला दिसली होती. मी बाहेर धुणं वाळत घालत होते, वाळलेलंच परत वाळत घालत होते.

"तुम्ही हाक मारली नाही," मी म्हणते.

"तू रुसलीस असं वाटलं."

"मी? रुसायचं तुम्ही होतं!"

"मला कुठं जमतं रुसायला."

"मग उठून यायचं नाही?"

"तू पण उठून आली नाहीस."

आम्ही दोघं विहिरीत बघतो. तळ दिसत नाही. सत्तावीस वर्षं एवढीशी विहीर होती मधे आणि दोघं दोन काठांवर धुणं घालत बसलो. मला रडू येत नाही. मला राग येतो. मेल्यावरसुद्धा या माणसाच्या बोलण्यात आवाज चढत नाही, मग भांडायचं कुणाशी?

"चला, मारा उडी," मी म्हणते. "एवढी सोपी आहे. उदय डोळे मिटून मारायचा."

"मी पण मारतो डोळे मिटून."

आणि हे खरंच डोळे मिटतात. अंगठा हलतो. निळा उडतो, नेमका, विहिरीच्या पलीकडं जाऊन अलगद उतरतो. हे डोळे न उघडता त्याला मागं आणतात. परत उडी. परत अलीकडं. नाचवतात त्याला विहिरीवर, धोटा फिरवल्यासारखं. एकदाही चुकत नाहीत.

मी ह्यांच्या अंगठ्याकडं बघते.

"अहो."

"काय?"

"रोज?"

"रोज असं नाही. एखाद्या दिवशी खरंच पडलो असेन."

"रोज मुद्दाम पडत होतात?"

"तू किती वेळ नुसती बसणार गं? रिमोट मांडीवर घेऊन. मला बघवायचं नाही."

"म्हणजे मी तुमच्याहून चांगली नव्हतेच."

"मी असं कधी म्हटलं? आठव्या घरापर्यंत तुझी तू गेलीस. मी फक्त बघायचो." हे डोळे उघडतात, पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघतात. "जीभ बाहेर काढून खेळायचीस."

"मी नाही जीभ काढत."

"आत्तापण काढलीयस."

मी जीभ आत घेते. हे हसतात, आवाज न करता, खांदे हलवून. मग बटण दाबत नाहीत, नुसता अंगठा टेकवतात. निळा चालायला लागतो, सावकाश, कामावरून घरी निघालेल्या माणसासारखा. काठ संपतो. तो चालतच राहतो.

"घे," हे म्हणतात. "तुझा चान्स."

पंखा फिरतोय. माझी मान दुखतेय, उजव्या बाजूला. ओठ कोरडे. हॉलमध्ये ऊन सोफ्यापर्यंत आलंय, म्हणजे चार वाजून गेलेत. शेजारची खुर्ची रिकामी आहे. ह्यांचा रिमोट मी ठेवला तसाच, वायर गुंडाळलेली. मी हात लावून बघते. थंड आहे. प्लॅस्टिक, दुसरं काय असणार?

मग मी टीव्हीकडे बघते.

गवतावर पिवळा उभा आहे.

मी चष्मा काढते, पदरानं पुसते, परत घालते. पिवळा. एक पाय आपटतोय. वरच्या कोपऱ्यात निळ्याचं छोटं तोंड, त्याचा एक जीव गेलेला, आणि पुढं फळांचा आकडा, अठरा. आकडे मला वाचता येतात. तिसऱ्या विहिरीच्या अलीकडं बरोबर अठरा फळं असतात. हे मला सत्तावीस वर्षं पाठ आहे आणि या घरात आज मी झोपल्यावर ती गोळा करायला कुणी नव्हतं.

ऊन सोफ्यावरून भिंतीवर चढलं तरी मी तिथंच. पिवळा वाट बघत होता. मी पण.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. दाराला किल्ली लागली. स्वरूपाचा आवाज, आणि तिच्याबरोबर आणखी कुणाचातरी, गुरवीणबाईचाच, दुसरं कोण. जिन्यात गाठलं असणार. माझा हात उठला. खरं सांगते, उठला. डब्याचं बटण हाताच्या अंतरावर आहे. एक बोट, आणि सगळं काळं. मग मी म्हणायचं, उदयचं खूळ, चालूच ठेवून गेला बघ.

मी तो हात मांडीवर आणला आणि रिमोटवर ठेवला.

दार उघडलं. स्वरूपा दारातच थांबली, खांद्यावर पर्स. तिच्या मागून गुरवीणबाईची मान. "अगंबाई, आक्काताई! पोरांचा गेम खेळताय काय?"

"आई?" स्वरूपा म्हणाली. "एकट्याच? आणि बाबांच्या खुर्चीवर हे..."

मला त्यांच्याशी बोलायचंच नव्हतं. मी खुर्चीकडं वळले आणि चांगल्या खणखणीत आवाजात बोलले, जिन्याखाली ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

"ऐका. दादाला मी सांगितलं ते खोटं होतं. खूळ तुमचं नव्हतं, माझं होतं, आणि घाटावर पन्नास माणसांत हे बोलायला माझी जीभ उचलली नाही. ती आता उचललीय. पण तुम्हीही काही साधे नाही. वर्षभर रोज विहिरीत उड्या टाकून मला शहाणी ठरवत होतात. अहो, असला लबाड माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि याची माफी मी देणार नाही. आता तिथं गप बसायचं आणि बघायचं. माझा चान्स आहे."